सातव्या मजल्याखालची टकटक

भूतबित मी कधी मानलं नाही. आजही मानते असं नाही... पण हे माझ्याच बाबतीत घडलं, म्हणून लिहिते.

मी टाइल्स बसवते. आधी बरीच वर्षं घमेली उचलली, मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवलं. नागपुरात मिहानकडे एका बिल्डिंगवर काम मिळालं. तिथला मिस्त्री माझ्यासमोरच सुपरवायझरला म्हणाला, "बाई आमच्यात नको. तिले अलग फ्लॅट द्या."

सातव्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. एकटीला. माल कालवायचा मीच, उचलायचा मीच, डबाही तिथेच. दिवसभर कोणाशी शब्द नाही.

टाइल बसली की हातोडीच्या दांड्याने ठोकून बघतात — खाली पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो. एका दुपारी मी दोनदा ठोकलं. जरा वेळाने खालून तसंच दोनदा आलं. वाटलं, सहाव्यावर कोणी कामाला असेल. गंमत म्हणून तीनदा ठोकलं. खालून तीनदा.

मग ते रोजचंच झालं. सकाळी आल्यावर, घरी निघताना. उत्तर आलं की बरं वाटायचं.

एकदा पाटवड्या केल्या होत्या. त्या द्यायला खाली गेले. कोणीच नाही. सामान नाही, फरशी नाही. धुळीचा थर, त्यात फक्त माझ्या चपलांचे ठसे.

सुपरवायझरला विचारलं.

"सहाव्यावर तं काम सुरूच नाही झालं ताई. काहून विचारून राहिल्या?"

"काही नाही जी."

भीती वाटली. तरी वर जाऊन ठोकलंच... उत्तर आलं.

सातव्याचं काम संपलं, फ्लॅटला कुलूप लागलं. मला बरोबर त्याखालचा सहाव्यावरचा फ्लॅट मिळाला — पुन्हा एकटीला. मी ठोकायची आणि वाट बघायची. खालून काहीच नाही.

एका दुपारी टकटक आली, पण वरून. बंद फ्लॅटमधून. दोनदा.

निघून जावं म्हणून जिन्यापर्यंत गेलेही. मग परत फिरले, प्लास्टरवाल्यांची लाकडी घोडी ओढली, वर चढून छताला दोनदा ठोकलं. मग वरून तीनदा आलं.

मुलगी म्हणते, पाइपातून आवाज येत असेल. असेल. मला आजही काही सांगता येत नाही. किल्ली मागून वर बघता आलं असतं, तेही मी केलं नाही. पण तिथलं काम संपेपर्यंत वरून आलेली एकही टकटक मी बिनउत्तराची सोडली नाही.