गाडीखालचा पुठ्ठा

प्रिय ईशान आणि मुक्ता,

अमरावतीचं घर सोडलं त्या सकाळी मी कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली आणि तुमच्या बाबाच्या नव्या गाडीत बसले. तुमचे आजोबा गेल्यानंतर तिथे मी एकटीच होते. बाबाला नुकतीच खराडीत नोकरी लागली होती आणि मला स्वतःच्या गाडीतून पुण्याला न्यायचं हा त्याचा हट्ट होता. वहिनींनी आत डोकावून विचारलं, "क्लच नाही? मग डाव्या पायानं करायचं काय?"

"आराम," बाबा म्हणाला. वहिनी हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या.

माझे वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. "आधी नीट बघ, मग बोल," एवढंच ते सांगायचे. पुण्यात मी पहिलं वर्षभर नुसतं बघितलंच. इथल्या बायका "अहो, सरका जरा" इतक्या शुद्ध मराठीत म्हणत की त्यांना राग आलाय हे घरी पोचल्यावर कळे. मग मी ड्रायव्हिंग शिकले. अमरावतीत शाळेत इंग्रजी शिकवताना मी सायकलच्या पुढे गेले नव्हते. इथे केस पांढरे झाल्यावर कर्वेनगरच्या गल्ल्यांतून गाडी काढू लागले. तुम्ही सगळे कॅनडाला निघालात तेव्हा विमानतळावर बाबाने गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. परत येताना मी एकटीच होते, आणि गाडी मीच चालवत होते.

आता गाडी म्हातारी झाली. या उन्हाळ्यात ती गिअर बदलताना हिसके द्यायला लागली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, वेग वाढायचा नाही, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का. नाना पेठेतल्या गॅरेजवाल्या शेखसाहेबांनी एक चक्कर मारली आणि निकाल दिला. "काकू, गिअरबॉक्स गेला. जुन्या ऑटोमॅटिकला हात लावण्यात अर्थ नाही. विका."

"तेल गळत असेल का?"

"गळलं असतं तर खाली दिसलं असतं. तुमचं पार्किंग कसंय?"

"स्वच्छ."

"मग झालं तर."

रात्री बाबाचा फोन. "आई, विकून टाक. आणि आता तूही इकडे ये. गाडीशिवाय एकटी काय करणार तिथे?" म्हणजे प्रश्न गाडीचा राहिलाच नव्हता. ती गेली की पाठोपाठ मी, असं ठरल्यासारखंच होतं.

मी विचार करायला वेळ मागितला आणि बघायला लागले. सपाट रस्त्यावर हिसका कमी. चांदणी चौकाच्या चढावर जास्त, आणि मोठं वळण घेताना तर हमखास. आतले भाग झिजले असते, तर वळण बघून कशाला त्रास दिला असता? तेल कमी असेल, तर मात्र चढावर आणि वळणावर ते एका बाजूला जाणार आणि गिअरबॉक्समधल्या पंपाला पुरणार नाही. पण मग गळून जात कुठे होतं?

उत्तर सकाळी मिळालं. आमच्या सोसायटीत शंकरराव भल्या पहाटे गाड्या पुसतात, आणि बादलीत उरलेल्या पाण्याने खालची फरशीही धुतात. सोसायटीला त्या स्वच्छतेचा फार अभिमान. डाग पडत असेल तर कुणाच्या नजरेस येणार?

त्या संध्याकाळी मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवला आणि खांबावर कागद चिकटवला: "ही जागा धुऊ नये. कारण विचारू नये."

शंकररावांनी कारण विचारलं नाही. सकाळी पुठ्ठ्यावर तांबडा डाग होता. इंजिनचं तेल काळं असतं, हे गिअरचं. वास घेतला. जळका नव्हता, म्हणजे गिअरबॉक्स आतून अजून शाबूत होता.

पुठ्ठा काखोटीला मारून मी गॅरेजमध्ये गेले. "काकू, हे चित्र तुम्ही काढलं?"

"गाडीनं. तुम्ही अर्थ सांगा."

ते गाडीखाली शिरले. गिअरचं तेल थंड व्हायला रेडिएटरकडे नेणारा रबरी पाइप तडकला होता. त्यांनी पाइप बदलला, नवं तेल भरलं, इंजिन तापवून चालू ठेवून पातळी तपासली. मग चढावर मी चालवली, ते शेजारी बसले. गिअर कधी बदलला ते कळलंच नाही.

"बरी आहे," ते म्हणाले. "चालवा." पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते.

बाबाला मी कळवलं: गाडी विकत नाही, मीही येत नाही, भेटायला मात्र येईन.

मुक्ता, तू विचारलं होतंस, माझं घर अमरावतीचं की पुण्याचं. वहिनींकडे दिलेल्या त्या किल्लीचं कुलूप आता तिथे नाही. ते घर कधीच दुसऱ्याचं झालं. पण सगळ्यांनी "विका" म्हटल्यावर मी जिथे गुडघे दुखत असतानाही फरशीवर वाकून बघितलं, ती जागा माझी. खांबावरचा कागद अजून तसाच आहे. तुम्ही याल तेव्हा विमानतळावर मी न्यायला येईन. पुढची सीट कुणाची, ते आपापसात ठरवा.

तुमची आजी