आयर्लंडचे लॉर्डसाहेब आणि आमची शाळा

निजामाच्या राज्यात आमच्या भागात इंग्रजी येणारी माणसं थोडी, म्हणून तहसील कचेरीत दुभाष्याची नोकरी मला लवकर मिळाली. एका हिवाळ्यात आयर्लंडचे एक म्हातारे लॉर्ड शिकारीला आले. नेरडीगोंड्याच्या बाजूला जंगलात त्यांचा तळ पडला आणि तहसीलदारांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं.

शिकारीत त्यांचं मन नव्हतं. घटकाभर मचाणावर बसले की खाली उतरायचे आणि चालत सुटायचे. मी मागे. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. बेल्याजवळच्या आमच्या गावात आम्ही काही मित्र मराठी शाळा काढणार होतो. खासगी शाळेला सरकारी परवानगी लागे, आणि तो अर्ज ज्या कचेरीत अडकला होता, तिथेच मी रोज सलाम ठोकत होतो.

चालता चालता लॉर्डसाहेब आपली हकिगत सांगायचे. ऐन विशीत वडील वारले आणि लंडनच्या पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहात त्यांना वारसाने जागा मिळाली. पहिल्याच भाषणात ते म्हणाले, आयर्लंडचा कारभार आयरिश लोकांकडे द्या, जमीन कसणाऱ्याकडे द्या.

"माझा सख्खा मामा उठून निघून गेला," ते म्हणाले. "पुढे जन्मभर बोलला नाही."

तरी ते तेच बोलत राहिले. केस पिकले तेव्हा कुठे देश इंग्रजांच्या हातून सुटला. नव्या सरकारने त्यांना आपल्या सभागृहात घेतलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांचं घर जाळलं गेलं.

"कोणी? इंग्रजांनी?"

"नाही. आमच्याच पोरांनी. नवं सरकार त्यांना मान्य नव्हतं, आणि मी त्या सरकारात. त्यातल्या एकाला मी घोड्यावर बसायला शिकवलं होतं. त्याने माझ्या बायकोला अंगणात खुर्ची आणून दिली, नीट बसवलं, आणि मग आत जाऊन रॉकेल ओतलं."

"मग तुम्ही काय केलं?"

"सभागृहात जाऊन बसलो. बायको इंग्लंडला गेली, ती परत आली नाही."

एवढं सांगून ते पुन्हा भरभर चालू लागले. मग एकाएकी थांबून त्यांनी विचारलं, "तुमचं लक्ष कुठे असतं?" मी शाळेचं सांगितलं.

"मी बोलतो तहसीलदारांशी."

मी नको म्हटलं. पण संध्याकाळी मीच विचारलं, "खरंच बोलाल का?"

तहसीलदार फळांची टोपली घेऊन तळावर आले. लॉर्डसाहेबांनी विषय काढला, आणि माझ्याच शाळेची रदबदली मलाच उर्दूत सांगावी लागली. तहसीलदार हसून म्हणाले, "जरूर, हुजूर, जरूर." चहा संपवला. मग तसंच हसत माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कल से आने की जरूरत नहीं."

"काय म्हणाले?" लॉर्डसाहेबांनी विचारलं.

"उद्यापासून मी येऊ नये, म्हणतात."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग ते इंग्रजीत पुष्कळ काही बोलले, मोठ्याने, काठी आपटत. तहसीलदार माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी तर्जुमा केला नाही. नोकरी गेलीच होती.

दुसऱ्या दिवशी लॉर्डसाहेबांनी तळ उठवला. नागपूरला जाता जाता त्यांनी मला मोटारीत घेतलं. इचोडा गेलं, आदिलाबाद गेलं. बेल्याच्या फाट्यावर मी उतरलो तेव्हा ते म्हणाले, "मी ज्यांच्या बाजूने बोललो, त्यांचं माझ्या बोलण्याने भलं झालेलं मी फारसं पाहिलं नाही. पण शाळा सुरू करा. परवानगीची वाट पाहू नका. आम्ही फार पाहिली."

त्यांचे आभार मानावेत की त्यांच्यावर चिडावं, मला कळेना. मी नुसता नमस्कार केला.

घरी वडील कडबा रचत होते. "काऊन आला रे मधीच?"

"नोकरी गेली, बाबा. शाळा भरवाची हाय. गोठा पायजे."

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाले, "मंग बैल कुठं बांधू?"

बैल लिंबाखाली बांधले आणि गोठ्यात परवानगीविना शाळा भरली. पहिल्याच आठवड्यात पोलीस चौकीचा शिपाई तपासायला आला. पोरं मागच्या बाजूने कपाशीत पळाली, आणि तो गेल्यावर पाट्या झटकत परत आली. शाळा अशीच चालली, कधी उघडी, कधी बंद. बाराखडी शिकवताना माझा एक डोळा कायम रस्त्याकडे असायचा.