‘मी निघाले’ आणि चहाची पावडर

गाणं करायला बसलं की गाणं होतं थोडं आणि किस्से जमतात फार. आमच्या ‘मी निघाले’चं तेच झालं. शनिवार पेठेत भांड्यांच्या दुकानावरची एक खोली, तोच आमचा स्टुडिओ. कॉम्प्युटरवर निखिल, मूळचा अमरावतीचा, एरवी आयटीत. शब्द माझे. आणि गायला शुभदाकाकू. कसब्यातल्या भजनी मंडळात त्या कायम मागच्या ओळीत बसायच्या. तिथे आवाज ऐकला आणि आम्हीच मागे लागलो.

हाऊस म्युझिक म्हणजे एकसारखा ढुम-ढुम ठोका आणि त्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा. आमची ओळ होती, ‘पायात चप्पल, मी निघाले’. स्वातंत्र्याचं गाणं! ऐकणाऱ्याला उठून नाचावंसं वाटलं पाहिजे.

*

काकूंनी ओळ एकदा म्हटली. निखिल म्हणाला, “बस काकू, झालं. आता मी कॉपी करून लावतो.”

“म्हणजे पुढचं मी न गाताच?”

“हो ना जी.”

“मग मी आले कशाला? भजनात तीच ओळ परत म्हणतो, ती दर वेळी वेगळी लागते म्हणून.”

आणि डोळे मिटून त्या म्हणतच राहिल्या. शेवटी शेवटी तर आम्हाला खरंच वाटलं, बाई निघाली. कॉपी-पेस्टचा विषय तिथेच संपला.

*

निखिलने एकदा ठोक्याचा बेस, म्हणजे खालचा घुमारा, जरा वाढवला. थोड्या वेळाने खालचे दुकानदार जोशी जिना चढून आले.

“स्वातंत्र्याचं गाणं ना?”

“हो काका.”

“छान. माझी पातेली निघाली फळीवरून.”

बेस कमी केला. गाणं उलट सुधारलं, पण जोशींना हे आम्ही सांगितलेलं नाही.

*

काकू घरी ‘मंडळात जाते’ सांगून यायच्या. त्यांचे मिस्टर अण्णा, खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. काकू घराबाहेर पडल्या की फोन ठरलेला. बायकोने एकटीने माईकवर गाणं त्यांना चालणार नाही, याची काकूंना खात्री होती.

सगळ्यात सुंदर टेक चालू असताना फोन वाजलाच. काकूंनी तो कानाला लावला. “चहाची पावडर ना? दुसऱ्या फळीवर, डावीकडे.” फोन ठेवला आणि पुढच्याच ठोक्यावर बरोब्बर ओळ उचलली!

निखिलने ते उत्तर गाण्यात तसंच ठेवलं. काकू रडकुंडीला आल्या. “काढ रे ते. ह्यांनी ऐकलं तर माझं गाणंच बंद.” मीही काढ म्हटलं. पण ते जाणार म्हणून मनातून फार वाईट वाटलं.

*

ते काढायला बसलो, तोवर दारात अण्णा. मंडळात बायको सापडली नाही, म्हणून विचारत विचारत आलेले. काकूंचा चेहरा उतरला. निखिल इतका गडबडला की कॉम्प्युटर बंद करायच्या ऐवजी त्याने गाणंच सुरू केलं.

अण्णांनी उभ्या उभ्या पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, “प्रश्न माझा, आणि गाण्यात घेतलंत नुसतं उत्तर?”

निखिलने दुसरा माईक त्यांच्यापुढे ठेवला आणि ठोका लावला. अण्णांनी घसा खाकरला.

“अगं, चहाची पावडर कुठंय?”

आम्ही काकूंकडे पाहिलं. दुसरी फळी, डावीकडे, एवढंच तर म्हणायचं होतं.

काकूंनी डोळे मिटले.

“पायात चप्पल, मी निघाले.”