पैदलशाह बाबांचा हुकूम

भोकरजवळच्या टेकडीवर पैदलशाह बाबांचा दर्गा आहे. बाबा हयातभर अनवाणी चालले, कुणी घोडा देऊ केला तरी त्यावर बसले नाहीत; म्हणून गुडघे धरलेली माणसं तिथं येऊन राहतात. रीत अशी, की बाबांनी स्वप्नात येऊन "जा आता घरी" म्हटलं की मगच गाठोडं बांधायचं. त्याला हुकूम म्हणतात.

उमरीकडच्या धोंडाबाई पोळ्याला आल्या, त्या दिवाळी सरली तरी हलेनात. गुडघे कधीच बरे झाले होते. दर्ग्याची बकरी सुटली की तिच्यामागं सगळ्यांत आधी त्याच धावत. मुजावराची बायको आबेदा रोज सकाळी विचारायची, "मावशी, आला का हुकूम?"

"न्हाई गं माय. रातभर वाट पाहून राहिले."

वाट कसली पाहतेय! म्हातारी पाठ टेकली की घोरायला लागायची. बाबा येऊनही गेले असतील, बिचाऱ्यांना बोलायला फट मिळाली नसेल.

खरं दुखणं निराळंच होतं. इथं भाकरी थापता थापता दहा जणींशी गप्पा व्हायच्या. घरी लेक भागवत आणि सून शिल्पा कामावरून आले की मोबाइलात डोकं घालायचे. भागवतचा फोन यायचा, तोही "कधी येतीस?" एवढ्यापुरता. "ये" असं त्यानं एकदाही म्हटलं नव्हतं, आणि ते म्हातारीला फार लागलं होतं.

एका गुरुवारी भागवत स्वतःच आला, घामाघूम होऊन. भर गर्दीत म्हणाला, "आई, चल. हुकूम झाला. बाबा माझ्या सपनात आले."

धोंडाबाईंनी डोळे बारीक केले. "कसे आले?"

"पांढऱ्या घोड्यावर."

बाया तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. आबेदाला तर ठसकाच लागला. आपलं काय चुकलं ते भागवतला कळेना. "घर खायला उठून राहिलंय, आई," तो खाली बघत म्हणाला. "शिल्पाबी रोज म्हणती, आईला आणा. ये ना."

"मावशी, पैदलशाह बाबा आन् घोड्यावर?" आबेदा म्हणाली. "थाप मारून राहिलंय पोरगं!"

"मारू दे." धोंडाबाईंचे डोळे भरून आले होते. "जल्मात पहिल्यांदा माझ्यासाठी सपन पाहिलं त्यानं. घोड्यावर तर घोड्यावर."

त्यांनी गाठोडं बांधलं. बकरीमागं ज्या पायऱ्या त्या धडाधड उतरायच्या, तिथं येऊन थबकल्या, गुडघ्यावर हात ठेवून कण्हल्या, आणि भागवतनं हात पुढं करेपर्यंत एकही पायरी उतरल्या नाहीत.