अव्वांच्या अक्षता आणि गच्चीवरचं बंद मशीन

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी वाद घालायला नको. भूत, भानामती, अंगात येणं… यातलं काहीही मी मानत नाही. गल्लीत कुणी उतारा टाकला आणि माणसं लांबून वळसा घालून जायला लागली, की तो नारळ उचलून घरी नेऊन त्याची चटणी करणारा माणूस आहे मी. धंदा एसीचा. नव्वदच्या दशकात शाहूपुरीत फ्रीज दुरुस्तीपासून सुरुवात केली, नंतर इमारतींना एसी बसवायची कामं घ्यायला लागलो. थर्मामीटर लावल्याशिवाय मी कुणाच्या तापावरही विश्वास ठेवत नाही, आणि त्यावरून बायको आजही ऐकवते. तरीही हे लिहितोय, कारण एवढी वर्षं डोकं खाजवून झालं… उत्तर काही सापडलं नाही.

साल २००६. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर, हातकणंगल्याच्या अलीकडं एक मंगल कार्यालय. मालक अप्पा. मूळचे जयसिंगपूरचे, अडतीचा व्यापार, थोडी शेती, आणि आवाज असा की फोन न लावता बोलले तरी कोल्हापुरात ऐकू यावं. त्यांची बायको म्हणजे अव्वा. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. (आमच्या भागात बायकासुद्धा बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. अव्वाही तशाच बोलायच्या, तेव्हा पुढं वाचताना दचकू नका.)

त्याच्या दोन वर्षं आधी, याच कार्यालयात, अव्वांच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं होतं. मे महिना, वर पत्रा, आत माणसांची खच्चून गर्दी. अक्षतांना दहा मिनिटं असताना अव्वा चक्कर येऊन खाली पडल्या. पोराच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा आई हॉस्पिटलात सलाईनवर. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, हृदय नाजूक आहे, यापुढं उष्मा आणि गर्दी बंद. आता थोरल्या मुलाच्या मुलीचं, शिल्पाचं लग्न ठरलेलं. तेही मे महिन्यातच. अव्वांनी घरात जाहीर करून टाकलं, “मी येणार. माझ्या हातानं अक्षता टाकणार. मग काय व्हायचं ते हू दे.” डॉक्टर म्हणाले, हॉल खरोखर गार असेल तरच.

म्हणून अप्पांनी मला बोलावलं.

“या पावणं,” अप्पा म्हणाले, “सगळ्यात मोठं मशीन बसवा. थेटरात असतंय तसलं. माणसं कुडकुडली पायजेत!”

बाहेरच्या एका मोठ्या कंपनीनं तसंच भलंमोठं मशीन सुचवलं होतं. मी आधी दोन तास पत्र्यावर चढून, भिंतींना हात लावत, खिडक्या मोजत हिंडलो. खाली आलो आणि म्हणालो, “अप्पा, ते मशीन दिवसभर वीज खाऊन तुमचा पत्रा गार करत बसेल. आधी पत्र्याला पांढरा रंग द्या, खालून थर्माकोलचं सिलिंग घाला, पश्चिमेच्या खिडक्या बंद करा. निम्मा उष्मा दारातच थांबतो. मग निम्म्या ताकदीचं मशीन पुरतं.”

अप्पांचं तोंड पडलं. त्यांना सगळ्या पंचक्रोशीला दाखवायला मोठं मशीन पाहिजे होतं. तेवढ्यात माझं लक्ष मागच्या अंगणात गेलं. तिथं वऱ्हाडाच्या अंघोळीसाठी ड्रमाएवढा बंब, लाकडांचा ढीग, आणि धुरानं डोळे चोळणारा आचारी. मी मनात म्हटलं, अरे, हॉलमधला उष्मा आपण बाहेर फेकणार आणि पाणी तापवायला इथं लाकडं जाळणार? हा काय शहाणपणा झाला?

तेव्हा हीट पंप हे प्रकरण आमच्याकडं नवीन होतं. मी अप्पांना समजावलं, “मशीन थंडी तयार करत नाही. हमाल आहे ते. इथला उष्मा उचलतं आणि दुसरीकडं नेऊन टाकतं. आपण हॉलमधला उष्मा उचलायचा आणि वऱ्हाडाच्या खोल्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत टाकायचा. हॉल गार, पाणी गरम.”

“पेटी एक आन कामं दोन? मला येडं समजालाईस व्हय?”

कोपऱ्यात शेंगा निवडत बसलेल्या अव्वा म्हणाल्या, “अवं, खरं बोलालाय त्यो. आपल्या फ्रीजच्या मागं हात लावून बघा की. आत गार आन मागं तापतंय का न्हाय?”

अप्पा उठले, आत गेले, फ्रीजच्या मागं हात लावून आले आणि म्हणाले, “बसवा.” माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लवकर मंजूर झालेलं काम ते.

एक गोष्ट मात्र इथंच सांगून ठेवतो. उष्मा आपण होऊन गारातून गरमात कधीही जात नाही. त्याला ढकलावं लागतं. ढकलायचं काम कंप्रेसर करतो आणि कंप्रेसरला वीज लागते. यात कुणाची वशिलेबाजी चालत नाही.

आता माझी चूक. माणूस म्हणजेही एक शेगडीच असते, त्यामुळं हॉलमध्ये माणसं किती, यावर मशीन ठरतं. मी विचारलं, “पत्रिका किती?” अप्पा म्हणाले, “चारशे.” मी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या मास्तराचा मुलगा. आमच्याकडं एका पत्रिकेमागं दोन माणसं येतात, फार तर तीन. मी सढळ हातानं हजार माणसं धरली आणि स्वतःवर खूश झालो.

लग्नाच्या दिवशी पहाटेच पोचलो. वऱ्हाडाच्या अंघोळी झाल्या, आदल्या रात्री मशीननं तापवलेलं टाकीतलं पाणी संपलं, टाकी पुन्हा गार पाण्यानं भरून घेतली. आठ वाजता मशीनच्या स्वतंत्र मीटरचा आकडा डायरीत टिपला. किती कमी वीज लागते ते अप्पांना दाखवायची खुमखुमी होती. सगळं चालू करून, आवाज ऐकून, समाधानानं खाली येऊन उप्पीट खाल्लं.

दहा वाजल्यापासून टेम्पो यायला लागले. मग ट्रॅक्टर-ट्रॉल्या. मग एक आख्खी एसटी. म्हातारे, बाया, लेकुरवाळ्या, काठी टेकत आलेले आजोबा… माणसं संपेनातच! साडेअकराला मी अप्पांना गाठलं. ते फेटा बांधून सगळ्यांना मिठ्या मारत होते.

“अप्पा, चारशे पत्रिका म्हणाला होता ना?”

“चारशेच की! पर चूलबंद दिल्याती.”

चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. आज्ज्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळं घर जेवायला. गावाकडं हे पोरासोरालाही माहीत असतं, आणि मी शहाणा हीट लोड, म्हणजे उष्म्याचा हिशोब, काढत बसलो होतो! अडीच हजार माणसं तरी असतील. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अव्वा तर अर्ध्या तासापूर्वीच पुढच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या.

मी थर्मामीटर घेऊन त्यांच्यामागं उभा राहिलो. बाहेर एकोणचाळीस. आत पंचवीस. म्हटलं, आता चढेल. पावणेबाराला पंचवीस. बाराला पंचवीस. माणसं भिंतीला टेकून, खिडकीत बसून, एकमेकांच्या मांडीवर बसून होती. दारातून आत आलेला प्रत्येक माणूस “आई शप्पत, काय गारवा हाय!” म्हणून डोळे मिटत होता. मी थर्मामीटर झटकला, तोंडाजवळ धरून फुंकर मारली, लगेच पारा चढला. म्हणजे थर्मामीटर ठीक होता. गर्दीतून गच्चीच्या जिन्यापर्यंत पोचणं अशक्य होतं, आणि खरं सांगतो, मला अव्वांच्या पाठीमागून हलायचा धीर होत नव्हता.

सव्वाबाराला अव्वा सुनेकडं वळून म्हणाल्या, “अगं, शाल आण की. गार लागालंय.”

शाल! मे महिन्यात! अडीच हजार माणसांत! मला हसावं की रडावं कळेना.

बारा पस्तीसला अक्षता. अव्वा कुणाचा हात न धरता उभ्या राहिल्या. मूठ भरली आणि नेम धरून अशी टाकली की पहिलाच दाणा शिल्पाच्या नाकावर. शिल्पा हसली, अव्वा हसल्या, बँडवाल्यांनी जोर धरला आणि अप्पा, तेवढ्या आवाजाचा माणूस, फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत उभे राहिले. मीही रडलो. लाज कसली त्यात?

पंगती उठता उठता चार वाजले. तेव्हा कुठं मी गच्चीवर गेलो. खरं तर त्या मशीनची पाठ थोपटायलाच गेलो होतो.

गच्चीवर नुसता हॉलमध्ये हवा ढकलणाऱ्या पंख्याचा आवाज होता. कंप्रेसरचा नाही.

फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडं. आत तिन्ही फ्यूज जाग्यावर नाहीत. मी मांडववाल्या बंडूला ओरडून वर बोलावलं. एवढ्या झुपकेदार मिशांचा माणूस, पण निवांत म्हणाला, “मीच काढलं की, साडेआठला. कमानीवरच्या लायटिंगला पायजे हुतं. तुमचा पंखा चालू हुता, म्हटलं चालतंय.”

त्याला मी काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. शिव्या संपल्यावर खिशातली डायरी काढली. मीटर बघितला. सकाळी टिपलेल्या आकड्याच्या पुढं चार-दोन युनिट, म्हणजे आठ ते साडेआठचीच. पंख्याची लाइन वेगळी. कंप्रेसरला हात लावला तर दगडासारखा गार. म्हणजे अडीच हजार माणसं नुसत्या पंख्यावर बसली होती. तो हॉल एव्हाना भट्टी व्हायला पाहिजे होता!

मग सुचलं म्हणून टाकीचा नळ सोडला आणि चटका बसून हात मागं घेतला.

टाकीत वेगळा हीटर नव्हता, तो बसवायला मीच विरोध केला होता. टाकी शेडच्या सावलीत, वरून जाड कापसाचं वेष्टण. उन्हानं एवढं पाणी तापायला आठवडा लागला असता. हॉलमधला उष्मा पाण्यात गेला होता, अगदी माझ्या आराखड्यात होता तसाच, पण त्याला ढकलणारं मशीन बंद होतं. मी तिथंच टाकीला टेकून बसलो.

अप्पांना खाली जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग मशीन घ्यायलाच कशाला लावलंस?”

त्यानंतर मी काय काय केलं ते थोडक्यात सांगतो. मीटर तपासून घेतला, बरोबर निघाला. ओळखीच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले, बंडू खोटं बोलतोय. पण बंडूच्या कमानीवर माझे तिन्ही फ्यूज मी माझ्या डोळ्यांनी बघितले, माझ्या हातांनी काढून आणले. मशीन बनवणाऱ्यांकडच्या माणसानं माझं पत्र वाचून उलट मलाच विचारलं, त्या दिवशी मला ऊन लागलं होतं का. पुढच्या एका साखरपुड्याला मी मुद्दाम फ्यूज काढून बघितलं. वीस मिनिटांत घामाघूम पाव्हणे बाहेर आले आणि अप्पा मला शोधत गच्चीवर. तो प्रयोग पुन्हा केला नाही. फ्यूज घातल्यावर मशीन आपलं गुमान चालायचं, विजेशिवाय एक फेरा नाही. आता नवीन हॉलचं काम आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, पत्रिका चूलबंद आहेत का.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं.

शिल्पाची पाठवणी झाली. सगळ्यांचं रडून झालं. अव्वा मागच्या अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या, पाय सुजलेले. अप्पांनी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. मला बघून म्हणाल्या, “इंजिनेर, ते पाणी आण की वाईच. बघू तरी.”

मी बादली भरून आणली, गार पाण्याचं विसावण घातलं आणि तांब्यानं हळूहळू त्यांच्या पायांवर ओतायला लागलो. अव्वांनी डोळे मिटले.

“एवढ्या माणसांच्या अंगची ऊब हाय ही,” त्या म्हणाल्या. “सगळी माझ्या शिल्पासाठी आल्ती.”

“पण अव्वा, मशीन बंद होतं,” मी म्हणालो. “हा उष्मा आपण होऊन वर जाऊच शकत नाही. कुणीतरी न्यायलाच पाहिजे. मग नेला कुणी?”

अव्वांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. चेहरा असा खुलला होता की काय सांगू!

“मला काय इचारालाईस? मी तर अक्षता टाकालतो की!”