ट्रलीच्या अंगणात ऐकलेली पेनांगची बोली

मे २०२१मध्ये आयर्लंडात काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायची बंदी उठली आणि पहिल्याच शनिवारी मी रिंगास्किडीहून ट्रलीला निघालो. माझा धाकटा भाऊ समीर फेब्रुवारीत तिथल्या हॉस्पिटलात कोविडने गेला. मला भेटता आलं नाही. शेवटच्या वर्षात तो अगदी एकटा होता का, एवढंच मला बघायचं होतं. त्याची घरमालकीण फोनवर म्हणाली होती, "आमच्या घरातलाच होता तो." असं सगळेच म्हणतात.

रस्ता सोपा आहे: कॉर्क, मॅक्रूम, किलार्नी. सव्वादोन तास धरा. मॅक्रूमला गाड्यांची रांग लागतेच. कॅफे फक्त पार्सल देत होते. किलार्नीत सहा युरोत कॉफी आणि स्कोन घेतला, गाडीतच खाल्ला.

पोचलो तर समीरच्या बॅगा आधीच फाटकाशी आणून ठेवलेल्या. घरमालकीण मेई नर्स आहे, मूळची मलेशियातल्या पेनांगची. तिने मागच्या अंगणात खुर्ची दिली. "आत नको, प्लीज." खिडकीतून तिची म्हातारी आई भराभर काही बोलली, मेईने त्याच भाषेत उत्तर दिलं. आत काय लपवत होत्या?

"चिनी का?" मी विचारलं.

"होक्येन. त्यातही पेनांगची, मलय शब्द मिसळलेली. चीनहून आलेल्यांनाही पुरती कळत नाही. तुझ्या भावाला कळायची."

समीरला? शाळेत संस्कृतमध्ये जेमतेम पास व्हायचा.

"काय आवडायचं त्याला जेवायला?" मी मुद्दाम विचारलं.

मेईने आईला विचारून सांगितलं, "कारलं. अंडं घालून."

"खोटं. कारलं वाढलं की तो ताटावरून उठायचा."

मेईने भाषांतर करताच म्हातारी भडकली. मेईने मोबाइल पुढे धरला. व्हिडिओत समीर तोंड वाकडं करून कारलं गिळत होता. म्हातारी विचारते, "च्याक पा लिआऊ बोए?" पोट भरलं का? हा तिच्याच सुरात, "बोए, आ-मा!" अजून नाही, आजी. आणि ताट पुढे करतो.

"मग मला आत का नाही?"

"शंभर दिवस व्हायचेत ना. ज्याचं घरचं माणूस गेलंय त्याने तोवर दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही. आईचा नियम."

म्हणजे सुतक. आमचं तेराव्याला फिटलं होतं. तिच्या लेखी मी अजून सुतकातच होतो.

घरी येऊन तरीही बॅगा तपासल्या. काही कमी नव्हतं. रविवारी नागपूरला आईला फोन करून सांगितलं, समीर कारलं खायला लागला होता.

"काहीतरीच!" ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "करून कोण घालायचं रे त्याला?"