प्रेमराजचा परवाना

अभिमनला जुन्या कॉम्प्युटरांचा वीट आला होता, आणि तो काही आजचा नव्हता. चाळीसगावात स्टेशन रोडला त्याचं दुकान. धुळ्याहून वापरलेले कॉम्प्युटर आणायचे, धूळ झटकायची, आधीच्या मालकाचं आत जे काही असेल ते पुसायचं आणि दुसऱ्याला विकायचे. लोकांची लग्नं, बारशी, भांडणाच्या नोटिसा पुसून पुसून हल्ली त्याला माणसांची नावंसुद्धा लक्षात राहत नसत. मान धरलेली, डोळे चुरचुरत होते. त्यात उद्यावर आखाजी, म्हणजे पितरांच्या नावाने घागर भरायची अक्षय्य तृतीया, आलेली.

समोरच्या बाकावर भिकुबाई ठाण मांडून बसल्या होत्या, शेजारी त्यांची सून दिपमाला. आखाजीच्या मुहूर्तावर सुनेला घरीच लग्नपत्रिका बनवायचा धंदा सुरू करायचा होता, त्यासाठी हा कॉम्प्युटर घेतलेला. पण त्यातलं पत्रिकांचं सॉफ्टवेअर उघडलं की आधी ठसठशीत नाव यायचं : प्रेमराज, धुळे.

"पूजाले दुसराना नावनं मशीन नको," भिकुबाई म्हणाल्या. "बठ्ठं पुसी टाक, भाऊ."

"नाव तेवढं काढा," दिपमाला हळूच म्हणाली. "सॉफ्टवेअर राहू द्या. चांगलं चालतंय."

"तसं होत नाही, ताई. परवानाच त्याच्या नावाचा आहे."

अभिमनने सगळं पुसायची तयारी केली. एक बटण दाबलं की त्या दोघी घरी जाणार होत्या आणि तोही सुटणार होता. पण हे महागडं सॉफ्टवेअर एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर चालतं. इथला परवाना आधी मोकळा केला नाही, तर मूळ मालकाला तो दुसरीकडे वापरता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. नावाखाली मोबाइल नंबर होता. झक मारली आणि नंबर पाहिला, असं मनाशी म्हणत त्याने तो लावला.

फोन एका बाईने उचलला. प्रेमराजची बायको, ज्योती. प्रेमराज गेल्या पावसाळ्यात वारला होता.

"तेराव्याला त्यांची खाट, कपडे, वापरातलं सगळं देऊन टाकलं," ती सांगू लागली. "दिरांनी त्यातच कॉम्प्युटरही देऊन टाकला. त्या दिवशी कुणाला काय सुचतंय हो. आता पत्रिकांची कामं मीच करते म्हटलं, भावाचा लॅपटॉप आणला, तर सॉफ्टवेअर चालेना. कंपनी म्हणते, जुन्या कॉम्प्युटरवरून सोडवा, नाहीतर नवं घ्या. नवं कुठून घेऊ? त्या कॉम्प्युटरसाठी अख्खं धुळं पालथं घातलं मी." मग तिने घाईने विचारलं, "भाऊ, तुम्ही पुसलं तर नाही ना?"

अभिमनचं बोट अजून माउसवरच होतं. ते त्याने उचललं.

"नाही, ताई."

फोन स्पीकरवर ठेवून त्याने इंटरनेट जोडलं आणि परवाना मोकळा केला. मग सॉफ्टवेअर काढून टाकलं. दिपमालाचा चेहरा जरा उतरला. तिकडे धुळ्यात ज्योतीने लॅपटॉप उघडला. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत होती.

"झालं का चालू?"

"झालं." ती म्हणाली. "नाव आलं त्यांचं."

"ते बदलता येतं, ताई. कंपनीला फोन करा, तुमचं नाव घालून देतील."

"नको. असू द्या." ती रडत होती. "उद्या त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे, भाऊ. दिवसभर वाटत होतं, आता त्यांचं नाव फक्त त्या घागरीपुरतंच उरलं."

फोन बंद झाला. अभिमनने कॉम्प्युटर खोक्यात भरला आणि दोरी बांधली. भिकुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"तेन्हं नाव काय व्हतं रे भाऊ? सकाय आमना घर बी घागर शे. तेन्हा नावनं बी पानी सोडसू."

कॉम्प्युटर तर खोक्यात गेला होता, आणि त्यातही ते नाव आता राहिलं नव्हतं.

"प्रेमराज," अभिमन म्हणाला.